महाराष्ट्र फिल्म कंपनी : पेंटरांचा कारखाना

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. दर वर्षी १ डिसेंबरला चित्रपट व्यवसायातली मंडळी तिथे जमतात आणि कॅमेऱ्याचे पूजन करतात. १९१७ साली याच दिवशी बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली, म्हणून हा कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा वाढदिवस. काही पुस्तकांत हे साल १९१८ असे दिलेले आढळते. त्यावर वाद घालण्याचे फारसे कारण नाही. कंपनी ठरली तेव्हा तिच्याजवळ चालता कॅमेराच नव्हता. तो तयार झाला १९१८ मध्ये आणि पहिला चित्रपट पडद्यावर आला १९२० मध्ये. आधी यंत्र घडवायचे आणि मग चित्र काढायचे, असा हा आरंभ. पुढची बारा-तेरा वर्षे कंपनीचा स्वभावही तोच राहिला. जे लागेल ते शक्यतो आपल्या हाताने करायचे.

हा स्वभाव घरातून आलेला होता. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव कसबी कारागीर. सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम, मूर्तिकाम या सगळ्यांत त्यांचा हात चाले. शाळेत बाबूरावांचे मन रमले नाही, पण घरातच एवढी मोठी शाळा भरत असताना त्याचे फारसे नडलेही नाही. नात्यातले भाऊ आनंदराव त्यांच्या बरोबरीने, किंबहुना एक पाऊल पुढेच होते. दोघे मिळून चित्रे काढत, पडदे रंगवत. लोक त्यांना त्यांच्या कामावरून ओळखू लागले आणि ‘मेस्त्री’ हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच नाव रूढ झाले.

हा काळ संगीत नाटकाच्या भरभराटीचा. किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व अशा मंडळींना नाटकासाठी रंगवलेले पडदे लागत. राजवाडा, उद्यान, अरण्य, रस्ता हे तर प्रत्येक कंपनीच्या सामानात हवेतच. पश्चिम भारतात या कामासाठी ज्यांची नावे पहिल्यांदा घेतली जात त्यांत या दोन भावांची नावे होती. सपाट कापडावर खोली भासवायची, खांबांची रांग लांबवर जाताना लहान लहान करत न्यायची, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कोणता रंग मरतो आणि कोणता उठतो हे आधीच ओळखायचे, ही विद्या त्यांनी पडद्यांवर कमावली. पुढे चित्रपटात तीच कामी आली, पण एका वेगळ्या आणि काहीशा उलट्या रीतीने. त्याबद्दल पुढे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपल्या माणसाने, आपल्या देवादिकांचे, हलते चित्र काढले ही बातमी महाराष्ट्रातल्या प्रत्येक हुन्नरी माणसाला अस्वस्थ करणारी होती. आनंदराव आणि बाबूराव तर त्याने झपाटलेच. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर चित्रपट दाखवून चार पैसेही मिळवले, पण खरा हेतू यंत्र समजून घेण्याचा होता. पडद्यावर चित्र टाकणारे यंत्र ज्याला नीट कळले, त्याला चित्र टिपणारे यंत्र फार लांब नाही, असा त्यांचा कारागिरी हिशेब.

हिशेब बरोबर होता, पण वाट लांबची निघाली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी यंत्रे मिळणे दुरापास्त झाले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेऱ्याची जुळणी अर्धवट होती आणि ज्याच्या डोक्यात ती सगळ्यांत स्पष्ट होती तो माणूसच निघून गेला. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

कॅमेरा घडवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे आज मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पिढीसाठी जरा सांगायला हवे. मूकपटाच्या काळचा कॅमेरा म्हणजे एक काळोखी पेटी. तिच्यात कच्च्या फिल्मची गुंडाळी. बाजूचा दांडा फिरवला की फिल्म पुढे सरकते, पण ती सलग सरकून चालत नाही. एक चौकट भिंगासमोर येऊन क्षणभर स्तब्ध उभी राहायला हवी, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत यायला हवा, झडप मिटली की आकड्याने फिल्मच्या कडेचे भोक पकडून पुढची चौकट ओढायला हवी. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. एका फुटात बरोबर सोळा चौकटी बसतात, तेव्हा सेकंदाला एक फूट फिल्म खर्ची पडते. आकडा केसभर चुकला तर पडद्यावर चित्र थरथरते. पेटीला सुईच्या टोकाएवढी फट राहिली तर सगळी गुंडाळी काळवंडते. दात्यांची चाके, आकडे, झडप, सगळे हाताने कातून, कानस मारून, पुन्हा पुन्हा बसवून पाहायचे. आणि प्रत्येक चाचणीला महागडी फिल्म जाळायची.

या कामात बाबूरावांना विष्णुपंत दामले हे शिष्य मिळाले. मूळचे पेणचे, अबोल, यंत्राशी जन्माची मैत्री असलेले. दोघांनी मिळून १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. दुसरे शिष्य शेख फत्तेलाल, कागलचे, पुढे सगळ्या मराठी चित्रसृष्टीचे ‘साहेबमामा’. त्यांचा हात चित्रकाराचा आणि नजर छायाचित्रकाराची. दामले-फत्तेलाल ही जोडी पुढे इतकी एकजीव झाली की एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आपोआप तोंडात येते. ती जुळली इथे, पेंटरांच्या कारखान्यात.

भांडवल मात्र कुठल्या पेढीने दिले नाही. ते दिले गायिका तानीबाई कागलकर यांनी. कोल्हापूर तेव्हा गाण्याचे गाव. दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते, गावात गाणाऱ्या बायकांची मोठी परंपरा होती आणि त्यांच्या मिळकतीला समाजात मान नसला तरी त्या मिळकतीवर बऱ्याच प्रतिष्ठित गोष्टी उभ्या राहिल्या. मराठी चित्रपटाच्या एका मोठ्या संस्थेचा पाया त्या पैशावर घातला गेला, हे आपण इतिहास लिहिताना एका ओळीत उरकतो. ते ठळक सांगायला हवे. दुसरा आधार राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाचा. कुस्ती, गाणे, नाटक, चित्रकला यांना ज्या दरबाराने हात दिला, त्याच दरबाराच्या सावलीत ही नवी कलाही रुजली.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. कथा महाभारतातली, विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीची आणि तिच्यावर वाईट नजर ठेवणाऱ्या कीचकाच्या वधाची. पण १९२० च्या प्रेक्षकाला ती केवळ महाभारतातली कथा नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले होते आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. त्याच नाटकाच्या आधाराने कंपनीने आपले पहिले चित्र उभे केले. चित्रात शब्द नव्हते, पण प्रेक्षकाला त्यांची गरजही नव्हती.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. झुंझारराव पवार कीचक आणि बाळासाहेब यादव भीम. वधाचा प्रसंग इतका खरा उतरला की बघणारे हादरले. पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. आपल्या पत्राचेच नाव त्यांनी या तिशीतल्या कारागिराला दिले, यावरून त्यांना चित्रात काय दिसले असेल याचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १ ऑगस्टला, टिळक गेले.

‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. मराठी माणसाच्या चित्रपटात स्त्री पहिल्यांदा इथेच आली असे नाही. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई आधीच आल्या होत्या. पण वाट मोकळी झाली होती असे मात्र नव्हे. चित्रपटात काम केले म्हणून या दोघींना त्यांच्या लोकांनी दूर लोटले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. कमलादेवी पुढे कंपनीच्या अनेक चित्रपटांत दिसल्या.

कंपनीत हुद्दे असत, पण कामाच्या वाटण्या पक्क्या नसत. १९२० मध्ये कंपनीतच काम करणाऱ्या बाबूराव पेंढारकरांनी आपल्या मावसभावाला तिथे आणले. वय एकोणीस. गंधर्व मंडळीत थोडे दिवस काढलेला, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबलेला. हेच शांताराम राजाराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. त्यांना आल्या आल्या कोणी नट केले नाही. झाडलोट, सामान उचलणे, पडदे रंगवायला मदत, रसायनखान्यात हात, जोडकाम, मग कॅमेरा, मग एखादी भूमिका अशी ती शिकवणी होती. १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये ते पहिल्यांदा पडद्यावर आले. विठ्ठल नावाचा आणखी एक तरुण जोडकाम करता करता ‘कल्याण खजिना’त नर्तकीच्या वेषात चमकून गेला. तोच पुढे मास्टर विठ्ठल झाला आणि १९३१ मध्ये भारताच्या पहिल्या बोलपटाचा, ‘आलम आरा’चा, नायक.

बाबूराव शिकवत कसे, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. चित्रणाआधी ते प्रसंगांची रेखाटने करत. पात्र कुठे उभे राहील, वेष कसा, हात कुठे, नजर कुठे, हे कागदावर काढून ठेवत. ज्याला हे कागद वाचता आले त्याला वेगळे दिग्दर्शन शिकवावे लागले नाही. तोंडी सूचना कमी, करून दाखवणे जास्त.

रंगवलेल्या पडद्यांचा हा राजा, पण चित्रपटात त्याने पहिली फारकत घेतली ती रंगवलेल्या पडद्यांपासूनच. नाटकात प्रेक्षक एका जागी बसतो, म्हणून कापडावरची खोली त्याला पटते. कॅमेरा जागा बदलू शकतो आणि मग कापडाचे कापडपण उघडे पडते. म्हणून खांब, कमानी, जिने, भिंती यांचे घन नेपथ्य उभारायचे, त्यातून माणसे चालवायची, उजेड एका बाजूने पाडायचा, अशी रीत महाराष्ट्र फिल्म कंपनीने बसवली. उन्हाचा उजेड हवा तिथे वळवण्यासाठी परावर्तक वापरले. दृश्य हळूहळू उमलवणे आणि मिटवणे यांवरही बाबूरावांनी मेहनत घेतली. त्यात आणखी एक अडचण होती. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तो काळा उमटे. निळा मात्र जवळजवळ पांढरा होऊन जाई. म्हणजे तांबडा शेला रंगवून उपयोग नाही, तो पडद्यावर काळा दिसणार. आयुष्यभर रंगांत वाढलेल्या माणसाला सगळे जग करड्या छटांत तोलावे लागले. ही मगाशी म्हटलेली उलटी रीत. नाटकात कोणता रंग दिव्यात उठेल हे पाहिलेल्या डोळ्याने आता कोणता रंग किती काळा पडेल हे पाहायचे.

१९२३ चा ‘सिंहगड’ हा कंपनीचा पहिला मोठा ऐतिहासिक चित्रपट. हरी नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी घराघरांत पोचलेली होती, त्यामुळे तानाजीची गोष्ट कुणाला सांगावी लागत नव्हती. ती कशी दिसते एवढेच लोकांना पाहायचे होते. शांताराम यांनी शेलारमामाची भूमिका केली. रात्रीची चढाई दाखवायची तर दिवसाच्या उन्हावर भागणार नव्हते. बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांवर चित्रण केले आणि धुके, चांदणे, मशालींचा उजेड पडद्यावर आणला. भारतात या रीतीने चित्रण करण्याचा हा अगदी पहिल्यांपैकी प्रयत्न. मुंबईत चित्रपटाला अशी गर्दी लोटली की सरकारच्या महसूल खात्याचे तिकडे लक्ष गेले आणि करमणूक कर आला, अशी हकिकत चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. कर १९२३ मध्येच लागू झाला एवढे खरे. कर बसवण्याइतका एक चित्रपट चालला, हे प्रशस्तिपत्र कंपनीला बहुधा फार गोड लागले नसावे.

‘सिंहगड’च्या आगेमागे ‘दामाजी’, ‘श्रीकृष्णावतार’, ‘वत्सलाहरण’, ‘सती पद्मिनी’, ‘राणा हमीर’, ‘मायाबाजार’ अशी एकामागून एक चित्रे आली. सगळ्यांची दखल घेण्याची ही जागा नव्हे. पण १९२४ च्या ‘कल्याण खजिना’पाशी थांबायला हवे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची कथा. या चित्रपटाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले. आणि त्याची दुसरी कीर्ती कागदावरची आहे. बाबूरावांनी त्यासाठी जी जाहिरात छापली, ती आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या सचित्र पोस्टरांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. तोवर चित्रपटाच्या जाहिरातीत मजकूर असे. चित्र दाखवून चित्रपट विकायचा, ही गोष्ट पडदे रंगवणाऱ्या माणसाला सुचली यात नवल नाही. चित्रपटाबरोबर छायाचित्रे आणि माहिती असलेली पुस्तिका देण्याची चालही त्यांनीच पाडली. प्रेक्षक ती घरी नेत आणि चित्रपट न पाहिलेल्या शेजाऱ्याला दाखवत. पुढे दहा-दहा पैशांना विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांचे हे पूर्वज.

आता ‘सावकारी पाश’. १९२५.

नारायण हरी आपट्यांच्या कथेवर हा चित्रपट आधारलेला. (‘सिंहगड’चे आपटे हरी नारायण आणि हे नारायण हरी. दोघांची नावे उलटसुलट झालेली अनेक लेखांत सापडतात.) एक शेतकरी, एक सावकार, एक खोटा कागद. जमीन जाते, शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीत राबायला लागतो. शेतकरी शांताराम, सावकार झुंझारराव पवार, शेतकऱ्याची बायको कमलादेवी. देव नाहीत, चमत्कार नाही, तलवार नाही. मराठी मुलखात ही गोष्ट कुणाला परकी नव्हती. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले आणि सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पण रोखे लिहिले जायचे थांबले नव्हते. गावातून उखडलेला शेतकरी गिरणगावात येत होता आणि १९२४, १९२५ या दोन्ही वर्षी मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले होते. पडद्यावर मात्र हे जग तोवर आले नव्हते.

या चित्रपटातले एक दृश्य पाहणाऱ्यांच्या आठवणीत वर्षानुवर्षे राहिले. अंधुक उजेडात दुरून दिसणारी एक झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे. मूकपट असल्यामुळे रडणे ऐकू येत नाही. मान वर झालेली दिसते, एवढेच. त्या झोपडीवर काय कोसळले आहे ते सांगायला मजकुराची पाटी लागत नाही. भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट म्हणून अनेक अभ्यासक ‘सावकारी पाश’चे नाव घेतात. पहिलेपणाचा मान कुणाला द्यायचा हा खेळ न संपणारा आहे, पण १९२५ मध्ये भारतात दुसऱ्या कुणी इतक्या निर्धाराने गावच्या दुःखाकडे कॅमेरा वळवल्याचे उदाहरण सापडत नाही.

आणि हा चित्रपट चालला नाही. ‘सिंहगड’ला गर्दी करणाऱ्या लोकांना तिकीट काढून आपलीच झोपडी बघायची नव्हती. कंपनी पुन्हा ‘भक्त प्रल्हाद’, ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’ यांच्याकडे वळली. पेंटरांनी मात्र ‘सावकारी पाश’ची कथा सोडली नाही. १९३६ मध्ये शालिनी सिनेटोन या कंपनीसाठी त्यांनी तिचा बोलपट काढला. अकरा वर्षांनी एकच गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटणे, यात त्यांचा जीव कुठे अडकला होता ते दिसते.

कंपनीचा उतार कधी सुरू झाला हे एका तारखेत पकडता येत नाही. पेंटर एखाद्या गोष्टीत रमले की दिवस मोजत नसत. चित्र मनासारखे होईपर्यंत पुढे सरकत नसत. कारागिराच्या बाबतीत हा गुण, पण पगारावर माणसे ठेवलेल्या कंपनीच्या चालकाच्या बाबतीत तोच महाग पडतो. दुसरीकडे शिष्य तयार झाले होते. १९२७ मध्ये शांताराम यांनी केशवराव धायबर यांच्यासह ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, १९२८ मध्ये दामले-फत्तेलालांनी ‘कर्ण’ केला. ज्यांच्या हातांनी चित्रपट पूर्ण होत होते त्यांना आता दुसऱ्याच्या छपराखाली राहण्याचे कारण उरले नव्हते.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे पेंटरांच्या कारखान्यातले, पाचवे भागीदार सराफ सीतारामपंत कुलकर्णी. फूट पडण्याच्या कारणांच्या हकिकती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितल्या जातात आणि प्रत्येकीत कुणाचा तरी दोष निघतो. परिणाम मात्र साधा होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून एका वेळी तिची यंत्रशाळा, तिचा कॅमेरा चालवणारे हात आणि तिचा सर्वांत महत्त्वाकांक्षी तरुण निघून गेले. अशा जखमेतून कोणतीही संस्था सहसा उठत नाही.

पाठोपाठ आवाज आला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि दोन-तीन वर्षांत मूकपटाचा बाजार उठला. पेंटरांना बोलपटाचे फारसे कौतुक नव्हते. इतक्या कष्टांनी घडवलेली दृश्यांची भाषा आवाजाच्या गोंधळात बुडून जाईल असे त्यांना वाटे. सुरुवातीचे बोलपट पाहिले तर त्यांची भीती अगदीच खोटी म्हणवत नाही. एका जागी खिळलेला कॅमेरा, त्यासमोर रांगेत उभे राहून गाणारी माणसे. पण काळाला त्यांच्या मताची फिकीर नव्हती. १९३१ चा ‘प्रेमसंगम’ हे कंपनीचे शेवटचे चित्र ठरले.

पुढे पेंटरांनी शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’, ‘सावकारी पाश’ आणि ‘प्रतिभा’ केले. १९४७ मध्ये शांताराम यांनी आपल्या राजकमल कंपनीत गुरूंना पुन्हा बोलावले आणि राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’वर दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे आली. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, ग. दि. माडगूळकरांची लेखणी असा तो गाजलेला चित्रपट. १९५२ चा ‘विश्वामित्र’ हे त्यांचे अखेरचे काम. मधल्या काळात ते आपल्या मूळ कामाकडे, चित्र आणि शिल्पाकडे, परतले होते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. रोज त्याच्या बाजूने जाणाऱ्या हजारो लोकांना तो कोणी घडवला हे ठाऊक नसते. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.

कंपनीचा वारसा शोधायचा तर ‘प्रभात’मध्ये शोधावा. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट शांताराम यांचा. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलालांचा. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली आणि तिचा स्टुडिओ जिथे होता त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. देशाच्या चित्रपट शिक्षणाची वाट अशी खरी कॉर्नरपर्यंत मागे जाते. कोल्हापुरात आज कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी चित्रपट महोत्सव भरवते, त्यातही हे नाव जिवंत आहे.

पण मूळ चित्रे? ‘सैरंध्री’ आज कुणालाच पाहता येत नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेई, उष्ण आणि दमट हवेत आपोआप विरघळून भुकटी होई. जुनी फिल्म चांदीसाठी गाळून विकण्याची रीत होती. शंभर वर्षांत वाळवी, पूर, आग आणि अनास्था यांनी उरलेले नेले. आपल्यापर्यंत जे पोचले ते मुख्यतः कागदावर : पोस्टर, पुस्तिका, स्थिरचित्रे, जाहिरातींची कात्रणे आणि त्या माणसांनी लिहिलेल्या आठवणी.

म्हणून एक विनंती. कंपनीत सुतार होते, शिंपी होते, घोडे सांभाळणारे होते, पाट्या लिहिणारे होते. त्यांची घरे आजही मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत, कागलला, पेणला असतील. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा एखादा फोटो, ‘कल्याण खजिना’ची पुस्तिका, पगाराची पावती, मागे तारीख लिहिलेले स्थिरचित्र सापडले तर ते रद्दीत टाकू नका आणि चिकटपट्टी लावून दुरुस्तही करू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दाखवा. निदान त्याची चांगली प्रत काढून फोटोतल्या माणसांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवा.